बातिमाची खालची गल्ली

ज्या वस्तूसाठी माणसाने बोटं झिजवली, तिला त्याच्या तोंडावर ‘खेळणं’ म्हणू नये, एवढी अक्कल आईच्या दुधाबरोबर यायला हवी. बातिमाच्या गोतावळ्यात ती कुणालाच आली नव्हती. अल्माटीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात जो येई, तो चहाचा पहिला घोट घेऊन आतल्या खोलीत डोकावे, टेबलभर पसरलेलं शहर बघे आणि म्हणे, “अगं, एवढी खेळणी? आणि नातवंडं कुठायत?” नातवंडं नव्हती. मूलबाळच नव्हतं. नवरा होता, तो गेला. शहर होतं, पण ते प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं, म्हणून लोकांच्या लेखी त्याची किंमत खुळखुळ्याएवढी.

हे ठोकळे म्हणजे एकात एक दाबून बसवायचे रंगीत तुकडे. बातिमाने ते जुन्या बाजारात पोत्यांच्या भावाने उचलले होते, घरी आणून साबणाच्या पाण्यात धुतले होते आणि लोणच्याच्या बरण्यांत रंगवार भरून ठेवले होते. त्यातून तिने शहर उभं केलं. वर काळे-निळे मनोरे, त्यांच्या अंगावर गुलाबी-हिरव्या दिव्यांच्या पाट्या, मनोऱ्यांमधून उडणाऱ्या गाड्या. खाली अरुंद गल्ली, तारांचं जंजाळ, गळके पाइप, कचराकुंडीवर मांजर. ती पहिल्यांदा त्यातला एक कोपरा घेऊन ठोकळेवाल्यांच्या रविवारच्या बैठकीला गेली, तेव्हा तिथली तरुण मंडळी खुर्च्या सोडून गोळा झाली.

“ताते, हे तर अस्सल सायबरपंक,” एकजण म्हणाला. मोठ्या बहिणीला काय, मावशीला काय, नि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला काय, तिकडे तातेच म्हणतात.

“म्हणजे काय?”

“म्हणजे उद्याचं शहर. वर झगमगाट, खाली अंधार. यंत्रं थोर, माणसं हलाखीत.”

“असेल बाबा,” बातिमा म्हणाली. “मी तर आपलं अल्माटी केलं.”

सगळे हसले, पण ती चेष्टा करत नव्हती. त्या गावात वर म्हणजे डोंगराकडे आणि खाली म्हणजे धुराकडे. पैसा वर चढतो, हिवाळ्यातला धूर खाली साचतो. हे कळायला भविष्य बघावं लागत नाही, जानेवारीत खिडकी उघडली तरी पुरतं. बातिमा खालची. जन्म खालच्या गल्लीतला, आणि ती गल्ली आता नाही. तिथे पार्किंग आहे.

पाट्यांचं वेड मात्र तिच्या कामातून आलं होतं. ती उमेदीची सगळी वर्षं निऑन दिव्यांच्या पाट्या करायच्या कारखान्यात काचेच्या नळ्या वाकवत होती. आच लावायची, काच मऊ झाली की एका दमात वळवायची, फुंकर घालायची. हात जरा हलला की नळी वाया. ‘नान’ म्हणजे भाकरीचं दुकान, ‘सूत’ म्हणजे दुधाचं, ‘बालीक’ म्हणजे मासळीचं. अर्ध्या शहराची अक्षरं तिच्या हातून गेली होती. मग स्वस्तातले नवे दिवे आले आणि कंत्राटदाराच्या माणसांनी जुन्या पाट्या गच्चीवरून सरळ खाली टाकल्या. उतरवल्या नाहीत, टाकल्या. बातिमा तेव्हा खाली फुटपाथवर उभी होती. त्या दिवसापासून कुणी एखादी वस्तू फेकताना दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

रविवारच्या बैठकीचा म्होरक्या होता आर्तुर हेगाय, पेशाने दाताचा डॉक्टर, अल्माटीतल्या कोरियन घराण्यातला. माणूस मऊ, पण नियमाला कडक. तुकडा कापायचा नाही, रंगवायचा नाही आणि काही झालं तरी चिकटवायचा नाही. “डिंक लावलेलं घर म्हणजे भुसा भरलेलं हरिण,” तो म्हणे. “दिसतं हरिण, पण पळत नाही.” ठोकळ्यांची गंमतच ही, की आजचा मनोरा उद्या मोडून पूल करता येतो. बातिमाच्या शहरात तर प्रत्येक छप्पर उघडायचं, आत खोल्या होत्या, खोल्यांत माणसं होती, आणि तिला वाटेल तेव्हा ती माणसांची घरं बदलायची. त्या वर्षी हेगायने जाहीर केलं, की वसंतातल्या नौरिझच्या सणाच्या प्रदर्शनात मधलं टेबल बातिमा-तातेंचं. मधलं टेबल तोवर कुठल्याही बाईला मिळालेलं नव्हतं. बातिमा घरी आली, केटली चढवली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थोडी रडली.

इथवर सगळं ठीक होतं. पण हिवाळा आला, घोड्याच्या मांसाचा वाटा घरात आला, आणि तो आला की नातेवाइकांना जेवायला बोलवावंच लागतं. बातिमाने बोलावलं. तिची धाकटी बहीण कुन्सुलू आली, नात्यातले थोरले सेइत आगा काठी टेकत आले, आणि कधी नव्हे तो कुन्सुलूचा मुलगा झान्दोसही केकचं खोकं घेऊन आला. हा झान्दोस बांधकाम कंपनीचा मालक, वयाने चाळिशीकडे झुकलेला, वर डोंगराकडे मनोरे बांधणारा. मावशी जिवंत आहे का, हे त्याने वर्ष-वर्ष विचारलेलं नव्हतं. जेवण झालं, रस्सा पिऊन झाला, आणि तो हात पुसत आतल्या खोलीत गेला तो बाहेर येईना.

“ताते, हे तुम्ही एकट्यांनी केलं?”

“मग काय शेजारणीने?”

तो पुन्हा आत गेला, फोनवर चित्रं काढून आला, आणि सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून उभा राहिला. “ताते, मी या घरचा झिएन आहे. मला हे शहर हवं.”

बहिणीच्या किंवा लेकीच्या पोराला तिथे झिएन म्हणतात. आजोळी येऊन त्याने एखादी वस्तू मागितली तर नाही म्हणायचं नसतं. रीत जुनी आणि गोड आहे: पोर येतं, शिंगरू मागतं, चाबूक मागतं, आजोबा कौतुकाने देतात, पोराला कळतं की आपलं आणखी एक घर आहे. पण ही रीत पोराची. स्वतःच्या चार गाड्या असलेल्या बाप्याने विधवा मावशीच्या दारात येऊन ती वापरावी, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि वर रीतीचं नाव.

“अरे, ते प्रदर्शनाला जायचंय,” बातिमा म्हणाली.

“घेऊन जा ना. सणाआधी मी स्वतः गाडीने पोचतं करीन. तोवर माझ्या ऑफिसात राहील, चार लोक बघतील. इथे कोण बघतं?”

“दे गं,” कुन्सुलू म्हणाली. “खेळणंच तर आहे. माझ्या लेकाने इतक्या वर्षांत तुझ्याकडे काय मागितलंय?”

सेइत आगांनी घसा साफ केला. “झिएनने मागितलं आणि आजोळाने नाही म्हटलं, असं आपल्यात झालेलं नाही. आणि झिएनवर हात उगारला तर तो हात जन्माचा थरथरतो, हेही लक्षात ठेवावं. आमच्या गावात एकाचा असाच थरथरायचा. त्याला पेला धरता येत नसे.”

“तो पेल्यानेच थरथरत असेल,” बातिमा म्हणाली.

“ते निराळं,” सेइत आगा म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. बातिमा हो म्हणाली. झान्दोसने तिचा हात हातात घेऊन सणाआधी परत आणायचा शब्द दिला, थोरांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, आणि केकचं खोकं देऊन शहर काढून घेणारा हा आवळा-कोहळा व्यवहार पवित्र झाला.

दोन दिवसांनी त्याची माणसं आली. बातिमाने स्वतः शहराचे भाग सुटे करून कापडात गुंडाळले आणि बजावलं, दिवा गेला तर मला बोलवा, छपरं उघडतात, जोर लावू नका. डिंक लावू नका, असं तिने सांगितलं नाही. आपल्या पोराला दुसऱ्याच्या घरी पाठवताना ‘त्याला भिंतीला खिळू नका’ असं कोण सांगतं?

थंडी ओसरू लागली. झान्दोसचा फोन नाही. बातिमा रिकामं टेबल पुशी, बरण्या हलवी, पुन्हा टेबल पुशी. शेवटी सणाच्या आधीच्या आठवड्यात ती स्वच्छ रुमाल बांधून बस पकडून वर गेली.

घरं विकायचं ते ऑफिस काचेचं होतं. दारातच तिचं शहर उभं होतं, पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिव्याचा झोत. खाली पाटी: ‘उद्याचं शहर. तुमचं घर वर.’ बातिमा जवळ गेली आणि तिला आधी कळेना, काय चुकतंय. मग कळलं. मनोरे होते, गल्ली नव्हती. शहर गुडघ्यापासून कापलेलं होतं.

तिने सवयीने एका मनोऱ्याच्या छपराला नख लावलं. छप्पर उघडलं नाही. दुसरं उघडलं नाही. फटींमधून पांढुरका, वाळलेला डिंक ओघळला होता. खिडकीतून आतला माणूस दिसत होता, टेबलाशी बसलेला. त्याला तिने नौरिझसाठी गच्चीवर न्यायचं ठरवलं होतं.

“आजी, हात लावू नका,” पांढऱ्या ब्लाउजमधली मुलगी लगबगीने आली. “पण काळजी नाही हं, आता सगळं पक्कं चिकटवलंय. आपटलं तरी मोडायचं नाही.”

“झान्दोसला बोलाव.”

“सर मीटिंगमध्ये आहेत.”

“मग मीटिंगला सांग, मावशी आलीय.”

झान्दोस आला. हसत आला, दोन्ही हात पुढे करत आला. कोचावर एक जोडपं कागद चाळत बसलं होतं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ह्या आमच्या ताते. हे सगळं यांच्या हातचं.”

“याला डिंक कुणी लावला?”

“मीच लावून घेतला. ताते, लोकांची मुलं हात लावतात, तुकडे पडतात. रोज कोण जोडत बसणार?”

“मी बसले असते. आणि खालचा भाग?”

“तो ना?” त्याने आवाज खाली आणला. “त्यात कचराकुंडी, मांजर, गळके पाइप, भाकरीची रांग. इथे लोक घर घ्यायला येतात, सुतकाला नाही. तो काढला. असेल मागे, फरशी पुसायच्या बादल्यांपाशी.”

“बादल्यांपाशी,” बातिमा म्हणाली.

“हो. चिकटवायच्या आधीच काढला.”

“तू शब्द दिला होतास.”

“मग न्या ना प्रदर्शनाला. आता तर न्यायलाही सोपं.”

“चिकटवलेलं तिथे चालत नाही.”

“कोण बघतं, ताते?” तो पुन्हा हसला, कोचावरच्या जोडप्याकडे बघून हसला. “शेवटी खेळणंच तर आहे.”

बातिमाने त्याच्या कानाखाली वाजवली. उजव्या हाताने, पूर्ण हात मागे नेऊन. कारखान्यातल्या बाईचा हात तो. काचेच्या दारापर्यंत आवाज गेला. झान्दोस गालावर हात धरून लहान पोरासारखा बघत राहिला. बातिमा त्याच्या अंगावरून मागच्या खोलीत गेली, बादल्या बाजूला सारल्या, त्यांच्यामागचं ओलसर खोकं उचललं आणि तशीच बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खोक्यातले तुकडे खुळखुळतायत. बस थांब्यावर उभी होती, तरी खुळखुळत होते. तिचा हात थरथरत होता.

ती घाबरली. हे लिहायला लाज कसली? सेइत आगांच्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता, पण विश्वास नसला तरी भीती असतेच. हात गेला तर तिच्याकडे राहिलं काय? आणि त्या भीतीचाच तिला सर्वांत जास्त संताप आला. फसवणारा बिनघोर ऑफिसात बसणार आणि फसलेलीने हाताकडे बघत बसायचं, ही कुठली रीत?

कुन्सुलू संध्याकाळी आली ती बूट काढायच्या आधीच बोलू लागली. “माझ्या पोराला? चार माणसांदेखत? तुला पोरबाळ नाही म्हणून तुला—” आणि तिथे तिने जीभ चावली.

“बस,” बातिमा म्हणाली. “चहा घे.”

ती चहा ओतू लागली. वाटी बशीवर वाजली. कुन्सुलूचं लक्ष आवाजाकडे गेलं, मग हाताकडे, आणि तिचा चेहरा उतरला. कितीही भांडली तरी बहीण होती. “ताते, हात.”

“दिसतंय मला.”

“आगा म्हणाले होते.”

“आगा पुष्कळ म्हणतात. घे.”

कुन्सुलूने वाटी बाजूला ठेवली आणि समोरच्या खोक्यात हात घातला. ओल्या फडक्याचा वास आला. तिने गल्लीचा एक तुकडा बाहेर काढला. निळं फाटक, त्याच्यामागे सफरचंदाचं झाड, फाटकाबाहेर भाकरीच्या दुकानाची रांग. तिने तो तुकडा दिव्याजवळ नेला.

“हे आपलं फाटक.”

“आपलं.”

“ही पिवळा रुमाल बांधलेली, रांगेतली. ही आई?”

“आई.”

“आणि तिच्या झग्याचं टोक धरलेली?”

“तू. भाकरी मिळेपर्यंत रडायचीस.”

कुन्सुलूने बोटाने आईच्या रुमालावरची घाण पुसली. जात नव्हती, तर बोट जिभेला लावून पुसली. “हे त्याने बादल्यांपाशी टाकलं?”

“त्याला काय माहीत, ही कोण.”

“माहीत असणार कसं? आपण वरच्या बाजूच्या, असंच मी त्याला सांगत आले.” ती खाली मान घालून बोलत होती. “नवऱ्याच्या घरच्यांनाही तेच सांगितलं. मग तेच खरं झालं.”

बातिमाकडे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण कुन्सुलूने बाह्या वर सारल्या होत्या आणि बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं होतं. गल्ली धुवून निघेपर्यंत अंधार पडला, आणि जाताना कुन्सुलू बूट घालता घालता एवढंच म्हणाली, “त्याच्याशी मी बोलते. तू तुझं बघ.”

झान्दोस माफी मागायला आला नाही. फुलं पाठवली, ती बातिमाने शेजारच्या म्हातारीला दिली. ते मनोरे आजही त्या ऑफिसात उभे आहेत म्हणतात, डिंकात बसलेले, आणि लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. काढोत बापडे.

प्रदर्शनाच्या सकाळी हेगायने मधल्या टेबलावर गल्ली बघितली आणि आजूबाजूला शोधलं. “ताते, वरचं शहर?”

“वर गेलं,” बातिमा म्हणाली.

“आणि डिंक, असं ऐकलं. खरं?”

“खरं.”

हेगायने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दाताच्या डॉक्टरला कुणाचं काय दुखतंय हे कळतं. टेबल भरायला दुसऱ्यांचे मनोरे आणू का, असं त्याने विचारलं नाही. उलट बाजूच्या टेबलांना थोडं मागे सरकवलं. एवढ्या मोठ्या टेबलाच्या मधोमध ती एकटी गल्ली, वर काही नाही, नुसतं उघडं. लोक आत आले की मनोऱ्यांकडे मान वर करायच्या तयारीने यायचे, आणि मधल्या टेबलाशी वाकायचे.

नातेवाईक आले. कुन्सुलूने आणले. सेइत आगाही आले, पण ते गल्ली बघायला आलेच नव्हते. ते काठीवर दोन्ही हात ठेवून बातिमाच्या उजव्या हाताच्या बरोबर समोर उभे राहिले.

दुकानावरची ‘नान’ची पाटी तेवढी लावायची राहिली होती. बादल्यांपाशी तिची अक्षरं निखळली होती. तांदळाच्या दाण्याएवढे पारदर्शक तुकडे, तारेएवढ्या दांडीवर एकेक बसवायचे, आणि एक वाकडा बसला की बाकीचे पडायचे. घरी बातिमाने हात लावला नव्हता. धीर झाला नव्हता. आता सगळे बघत होते. तिच्या मनात आलं, हात दाखवून अवलक्षण. मग तिला ते ऑफिस आठवलं, ‘बादल्यांपाशी’ म्हणतानाचा तो आवाज आठवला, आणि पुन्हा तेवढाच राग आला. त्या रागातच तिने चिमटीत पहिला तुकडा उचलला.

तो बसला. दुसरा बसला. ती श्वास रोखून, काच वळवताना रोखायची तसा, एकामागून एक तुकडे बसवत गेली. शेवटचा बसवून तिने खालचं बटण दाबलं. पाटी लागली, आणि भाकरीच्या रांगेवर, निळ्या फाटकावर, पिवळ्या रुमालावर तांबूस उजेड पडला.

सेइत आगा वाकून हाताकडे बघत राहिले. बातिमाने हात मागे घेतला नाही. तो तसाच पाटीच्या उजेडात टेबलावर ठेवला, हवं तेवढं बघा म्हणून.

“थरथरत नाही,” आगा म्हणाले.

“नाही.”

आगांनी विचार केला. जुन्या रीतीचा माणूस, रीत खोटी आहे असं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. काठी एकदा फरशीवर टेकवून ते कुन्सुलूच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हणजे ते झिएनचं मागणं नव्हतं. चोरी होती.”

कुन्सुलूने ते ऐकलं. ती रांगेतल्या आईकडे बघत होती.